मोटारवेला चाक लागता कामा नये

"आता तू जा आणि बाबांना घेऊन ये," असं आमची हेझल म्हणाली, तेव्हा हे काम कोपऱ्यावरून पाव आणण्याइतकं सोपं आहे असा तिचा समज होता. माझाही होता. लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी मी अजून बायकोच्या समजावर विसंबून घराबाहेर पडतो.

बाबा म्हणजे माझे सासरे, मिस्टर विल्फ्रेड ट्रेविन. वय एक्याऐंशी, मुक्काम बॉडमिन, कॉर्नवॉल. जन्मभर त्यांनी बटणं विकली. नमुन्यांची पेटी गाडीत टाकून गावोगावच्या शिंप्यांकडे आणि कापडवाल्यांकडे हिंडायचे. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि सकाळी दूधवाल्यानं हाका मारीपर्यंत तिथेच थंड फरशीवर पडून राहिले. हेझलला हे कळलं तेव्हा ती फोन खाली ठेवून तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून रडली. त्यानंतर ती रोज "बाबा, आमच्याकडे राहायला या" म्हणायची आणि ते रोज "बघू" म्हणायचे. एके दिवशी ते "येतो" म्हणाले. पण अट घातली.

"अडतीसनं येईन. अथपासून इतिपर्यंत अडतीस. मोटारवेला चाक लागता कामा नये. लागलं, तर तिथल्या तिथं गाडी वळवायची आणि मला घरी आणून सोडायचं."

अडतीस म्हणजे ए-अडतीस. हा रस्ता बॉडमिनच्या वेशीवर सुरू होतो आणि जवळजवळ तीनशे मैल रेंगाळत आमच्या मॅन्सफील्डला येऊन संपतो. म्हणजे सासऱ्याच्या दारापासून जावयाच्या दारापर्यंत सरकारनं एकच रस्ता आखून ठेवलेला. लग्न ठरवताना मी नकाशा पाहिला असता तर वेळीच सावध झालो असतो. शहाणी माणसं मोटारवेच्या द्रुतगती मार्गानं येतात आणि संध्याकाळच्या चहाला पोचतात. अडतीसनं यायला किती वेळ लागतो ते कुणी सांगू शकत नाही, कारण शहाणी माणसं तसं येत नाहीत.

आता आमच्या दोघांच्या नात्याबद्दल सांगायला हवं. एकवीस वर्षांत सासरे आणि मी एकाच विषयावर बोललो, तो म्हणजे रस्ता. आम्ही बॉडमिनला पोचलो की ते दारात उभे असायचे. लेकीला जवळ घ्यायचे आणि मला विचारायचे, "कुठनं आलात?"

"एम-फाइव्ह मोटारवेनं."

"हं."

या एका "हं"मध्ये माझं शिक्षण, नोकरी आणि घराणं या सगळ्यांचा निकाल लागायचा. मग चहा होईपर्यंत मी कुठे वळायला हवं होतं ते ऐकून घ्यायचं. चहा झाला की परत कसा जाणार ते सांगायचं आणि पुन्हा "हं" ऐकायचं. रविवारच्या फोनवरही तेच. हेझल बापाशी पोटभर बोलायची आणि "घ्या, लेनर्डशी बोला" म्हणत रिसीव्हर माझ्या हातात कोंबायची. पलीकडून खाकरल्याचा आवाज यायचा. "वूस्टरच्या त्या गोल चौकातलं काम संपलं का रे?" मी म्हणायचो, "चाललंय अजून." ते म्हणायचे, "वाटलंच मला." वूस्टरच्या चौकातलं काम असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्यांना हाक काय मारायची हा प्रश्नही सुटलेला नव्हता. 'मिस्टर ट्रेविन' म्हणावं तर मी विमा उतरवायला आल्यासारखं वाटायचं. 'विल्फ' म्हणायची छाती नव्हती, आणि 'डॅड' म्हणालो असतो तर दोघांनाही घर सोडून जावं लागलं असतं. त्यामुळे मी त्यांना बायकोनं नवऱ्याला मारावी तशी "अहो" अशी हाक मारत आलो होतो.

अट गुप्त ठेवायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीला ती ठाऊक होती. समोरच्या मिसेस ऑडी केक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एवढं काय त्यात? दुधातनं झोपेची गोळी द्यायची आणि खुशाल मोटारवेनं आणायचं. माझ्या सासूला आम्ही तसंच आणलं. लीड्सपर्यंत घोरत होती बिचारी. जागी झाल्यावर म्हणाली, रस्ता छान होता."

शेजारचे मिस्टर पिकव्हन्स मात्र नकाशे घेऊन आले. हे गृहस्थ नगरपालिकेच्या सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाल्यापासून कुणीतरी कुठेतरी जायला निघण्याची वाट पाहत बसलेले असतात. त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर अख्खं नैर्ऋत्य इंग्लंड पसरलं आणि हेझलचं मटण परत भट्टीत गेलं.

"अडतीस हा मुळात एक रस्ता नाहीच, लेनर्ड," ते म्हणाले. "ही गोधडी आहे. इथला तुकडा रोमन लोकांचा, इथला टपालगाडीचा, इथला कुणा जमीनदाराच्या सोयीचा. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी एक कारकून बसला आणि सगळ्यांना मिळून एक नंबर देऊन मोकळा झाला. आणि आता हे बघ." त्यांनी एक्सेटरच्या वर बोट टेकवलं. "इथे अडतीस नाही."

"नाही म्हणजे?"

"गिळला. मोटारवे आली, तिनं गिळला. पुढे बाहेर येतो, पण मधल्या भागात अडतीस म्हणजेच मोटारवे. जुना रस्ता बाजूला आहे, पण त्याचा नंबर बदलला. म्हणजे अडतीसनंच यायचं तर मोटारवेनं यावं लागणार, आणि मोटारवेनं आलास तर अट मोडणार."

"मग काय करायचं?"

"काही नाही. कायद्यानं पाहिलं तर तुझे सासरे येऊच शकत नाहीत," असं म्हणून त्यांनी मोठ्या समाधानानं नकाशाची घडी घातली आणि मटणाला थांबले.

मी जबाबदार नागरिक असल्यामुळे रस्ता उघडा आहे की नाही ते आधी विचारून घ्यावं असं ठरवलं. रस्त्यांच्या कार्यालयाला फोन लावला. "ए-अडतीस चालू आहे का?" "कुठला भाग?" "सगळा." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, "साहेब, सगळा अडतीस आमच्याकडे नाही. आमच्याकडे नदीपासून दगडी पाटीपर्यंत आहे." पाटीच्या पुढचं दुसऱ्या कार्यालयात. तिथल्या बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे पाटीपासून पुढे आहे, पण शहर वगळून. शहराच्या साहेबांनी मला हे सगळं कशासाठी हवंय ते लेखी कळवायला सांगितलं. या रस्त्याचा मालक कोण हे दिवसअखेरपर्यंत कळलं नाही. सासऱ्यांना आणायचंय असं मी एका ठिकाणी सांगून पाहिलं. तिथल्या माणसाला मात्र मनापासून वाईट वाटलं.

बॉडमिनला आदल्या दिवशीच पोचलो. सकाळी उजाडताच सामान भरायला घेतलं. दोन सुटकेसी, बटणांची पेटी, आणि एका लोखंडी बादलीत मुळासकट उपटलेलं गुजबेरीचं झुडूप.

"हे कशाला, अहो?" मी विचारलं. "बाजारात मिळतं की."

"तुझ्या सासूनं लावलंय," ते म्हणाले. "ती नव्हती येत मोटारवेनं. हे पण येणार नाही."

बादली माझ्या सीटच्या मागेच काय ती बसत होती. गुजबेरीला काटे असतात हे मला पुस्तकी ज्ञान होतं. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला आणि ते मानेतून अनुभवाला आलं.

पण पुढचे काही तास सासरे नुसते फुलून आले होते. टेमर नदीच्या पुलावर टोल भरताना म्हणाले, "बघ, कॉर्नवॉलात यायला फुकट आणि बाहेर पडायला पैसे. सुज्ञांनी यातून काय ते समजावं." डेव्हनमधल्या प्रत्येक चढाला त्यांची ओळख होती. या चढावर रेडिएटर उकळायचा, त्या उतारावर पाद्रीबाबांनी सायकलसकट शेतात उडी घेतली होती, अमक्या गावात शिंगाची बटणं खपायची आणि तमक्या गावात शिंपल्याची कुणी फुकटसुद्धा घेत नसे.

एक्सेटरजवळ आल्यावर तर त्यांनी खिडकीची काच खाली केली. "इथे! उन्हाळ्यातल्या शनिवारी सगळं बर्मिंगहॅम इथे तुंबायचं. समुद्रावर निघालेली माणसं, पोरं, कुत्री, रबरी बदकं. गाड्या बंद करून लोक बाहेर खुर्च्या मांडून बसायचे. मी पेटी घेऊन गाडीगाडीला जायचो. एका बाईनं माझ्याकडून दोन डझन बटणं घेतली आणि रांग हलायच्या आत नवऱ्याचे सगळे शर्ट नीट करून टाकले. सगळ्या मोसमात होत नसे एवढा धंदा मी त्या रांगेत केलाय."

मी जीव मुठीत धरून पिकव्हन्स यांचा पेच त्यांच्यापुढे ठेवला. जुन्या रस्त्याचा नंबर बदललाय, आता काय करायचं? सासऱ्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"नंबर सरकारचा, रस्ता आपला. उजवीकडे घे."

एवढ्यानं पेच सुटला. कलम्प्टनच्या जुन्या रस्त्यानं जाताना शेजारून मोटारवेचा घोंघाट ऐकू येत होता आणि सासरे तिकडे पाठ करून बसले होते. मला पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस सोबत असला तर प्रवास बरा होतो. मान तेवढी रक्तबंबाळ झाली होती.

ब्रिस्टल मागे पडलं आणि ते गप्प झाले. आधी वाटलं डुलकी लागली असेल. पण डोळे टक्क उघडे होते. एका फाट्यावर मी विचारलं, "डावीकडे की सरळ, अहो?" "सरळ," ते म्हणाले. सरळ गेलो आणि फर्निचरच्या एका गोदामाच्या आवारात शिरलो. तिथला माणूस सोफा घ्यायला आलात का म्हणून विचारायला लागला. पुढच्या फाट्यावर पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "तुला वाटेल तसं घे." मी गाडी जवळजवळ थांबवलीच. एकवीस वर्षांत या माणसानं मला "तुला वाटेल तसं" असं एकदाही म्हटलेलं नव्हतं. छातीत दुखतंय का, पाणी हवंय का, सगळं विचारून झालं. "रस्त्याकडे बघ," एवढंच म्हणाले.

ट्यूक्सबरीच्या अलीकडे सेव्हर्न नदी रस्त्यावर आली होती. पिवळा कोट घातलेला एक धिप्पाड माणूस आडवा उभा होता.

"बंद आहे, साहेब. वळवा. मोटारवे ही काय, पलीकडे."

"मोटारवे चालणार नाही."

"पळतेय की चांगली."

"तसं नाही हो. यांची अट आहे." मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. त्यानं वाकून आत पाहिलं, आधी सासऱ्यांकडे आणि मग गुजबेरीकडे.

"रस्ता उघडणार कधी?" मी विचारलं.

"ते नदीला विचारा."

मागे रांग लागली होती. आमच्याकडे हॉर्न वाजवणं असभ्य मानतात. त्याऐवजी एक गृहस्थ खाली उतरून आले, त्रास देतोय म्हणून माझी क्षमा मागितली, आणि मी किती वेळ वेडेपणा करणार आहे याचा साधारण अंदाज विचारला. मी लाजेनं लाल होऊन गाडी एका गल्लीत घातली. ती गल्ली चर्चच्या दारात संपली. तिथे बारसं चाललं होतं आणि गाडीला जागा करून द्यायला सगळ्यांना बाळासकट गवतात उभं राहावं लागलं. दुसरी गल्ली एका शेतकऱ्याच्या अंगणात गेली. तिथे हंसांनी आम्हाला घेरलं, आणि शेतकरी बाहेर येऊन म्हणाला, "आज तुम्ही चौथे. गेल्या पुरात तर एक बस आली होती." तिसऱ्या गल्लीतून मी मोठ्या आशेनं बाहेर पडलो, तो समोर पिवळा कोट.

"या," तो म्हणाला. "इथल्या सगळ्या गल्ल्या माझ्याकडेच येतात."

तेव्हा सासरे बोलले. "वळव गाडी, लेनर्ड. अट मोडली. मला घरी सोड."

मी गाडी रस्त्याकडेच्या चहाच्या गाड्यापाशी नेऊन उभी केली आणि खाली उतरलो. डोळ्यांसमोर जिन्याच्या पायरीवर बसून रडणारी हेझल आली. मग माझा तोल गेला.

"विल्फ!" मी ओरडलो. चहावाल्याच्या हातातली किटली थांबली. "अट कुठे मोडलीय अजून? आणि तुमच्या अटीपायी मी सात कार्यालयांना फोन केले. मानेची चाळणी झालीय. बाळाच्या बारशात गाडी घातली मी! तिकडे तुमची लेक रात्रभर जागी असते, पुन्हा पडले असतील का म्हणून. आणि तुम्हाला रस्त्याचं पडलंय!"

सासरे खाली उतरून चहावाल्यापाशी आले. चहाचा कप दोन्ही हातांत धरून पुराच्या पाण्याकडे बघत राहिले.

"ब्रिस्टलच्या पुढे मी कधी आलोच नव्हतो," ते म्हणाले.

"काय?"

"माझा इलाखा ब्रिस्टलपर्यंत. पुढे कंपनीचा दुसरा माणूस होता. तुमच्याकडे यायचो तेही आगगाडीनं."

"मग ते डर्बीचं वळण? लिचफील्डचा चढ? वूस्टरचा चौक?"

"नकाशात बघून ठेवायचो शनिवारी. रविवारी तुझ्याशी बोलायचं असायचं ना." त्यांनी कप फिरवला. "हेझलशी बोलायला काही लागत नाही. तुझ्याशी काय बोलणार? तू काय करतोस ते मला कळत नाही, आणि बटणांचं तुला. रस्ता तेवढा दोघांच्या मधे होता."

"मग ही अट कशाला घातलीत?"

"आता तुझ्याच घरात राहायचं. कुठनं आलास, कसा जाणार, काही विचारायला उरत नाही. म्हटलं एकदा सगळा रस्ता डोळ्यांनी बघून घेऊ, थोडी वर्षं बोलायला पुरेल. तर इकडे आल्यावर कळलं, मला एक फाटा धड सांगता येत नाही. तुला समजलं असतं, म्हातारा इतकी वर्षं थापा मारत होता. त्यापेक्षा घरी गेलेलं बरं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला एकदम त्यांची फार माया वाटली, आणि आमच्याकडच्या पुरुषांना माया वाटली की करतात तेच मी केलं. चहात साखर घातली आणि बराच वेळ ढवळत बसलो.

"वूस्टरचा चौक मीही पाहिलेला नाही," मी शेवटी म्हणालो. "'चाललंय' म्हणून ठोकून द्यायचो."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "दरवेळी?"

"दरवेळी."

"मग ते काम..."

"मला काय माहीत!"

आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मग मला हसू फुटलं. दोघं इतके हसलो की चहावाल्यानं पिवळ्या कोटवाल्याला बोलावून घेतलं.

हसू ओसरल्यावर सासरे गाडीत बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "मी जरा डोळे मिटतो. डोळे मिटल्यावर कशाला चाक लागतंय ते माणसाला दिसत नाही." मी गाडी मोटारवेवर घातली. मिनिटभरानं आवाज आला, "लेनर्ड, फार गुळगुळीत चाललंय."

"अडतीसच आहे, विल्फ."

"चांगला ठेवलाय," ते डोळे मिटूनच म्हणाले.

पुढच्याच फाट्याला आम्ही मोटारवेवरून खाली उतरलो आणि वूस्टरला गोल चौक शोधून काढला. त्याला दोन प्रदक्षिणा घातल्या. काम कुठेच चाललेलं नव्हतं. "संपलेलं दिसतंय," सासरे म्हणाले, आणि आम्हा दोघांनाही हायसं वाटलं. बर्मिंगहॅममध्ये अडतीस स्वतःच थोडा वेळ मोटारवे होतो, तेव्हा ते म्हणाले की रस्त्यानंच शेण खाल्लं तर आपण काय करणार. लिचफील्डच्या पुढे रोमन लोकांचा तुकडा लागला, अगदी सुतात. "सरळ आहे बघ," ते म्हणाले. "त्यांना शेजारी नव्हते सल्ला द्यायला."

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. हेझल धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. मिसेस ऑडी केक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या कानात विचारलं, "गोळी दिलीत ना?" मिस्टर पिकव्हन्स फाटकाला टेकून तयारच होते.

"कुठनं आलात, मिस्टर ट्रेविन?"

"अडतीसनं," सासरे म्हणाले. "अथपासून इतिपर्यंत."

"पण ट्यूक्सबरीला तर पूर आहे. रेडिओवर सांगत होते."

"होता की. जावयानं काढली गाडी." त्यांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. "बादली सांभाळून उतरव, लेनर्ड. विल्फ म्हणायला शिकलायस, तर एवढंही जमेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेझल कामावर गेली आणि न्याहारीच्या टेबलाशी आम्ही दोघंच राहिलो. समोरासमोर टोस्ट खात होतो आणि तो चावल्याचा आवाज घरभर ऐकू येत होता. त्यांनी खिडकीतून गुजबेरीकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र उलटं धरलंय हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ते खाकरले आणि टोस्टला पुन्हा लोणी लावायला लागले. त्यांना हीच धास्ती होती, आणि ती खरी ठरायला आमच्या घरात एक रात्र पुरली होती.

मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "कुठनं आलात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावरून बसले.

"जिन्यानं," ते म्हणाले. "पण वरच्या वळणावर हेझलनं कपड्यांची टोपली ठेवलीय. तिथं फार खोळंबा होतो."

"आणि खाली उतरल्यावर? पॅसेजमधनं की बैठकीतनं?"

"पॅसेजमधनं."

"हं," मी म्हणालो.

सासऱ्यांनी टोस्ट खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. "का रे? बैठकीतनं जवळ पडतं?"

मी साखरेचं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं, हा जिना समजा म्हटलं, आणि सांगायला सुरुवात केली.